तेजाबाला कायदा आहे, चुन्याचे काय?

हळदीवर चुन्याची निवळी पडली की तिचा पिवळा रंग लाल होतो, हे हिंगोली जिल्ह्यातील घराघरांत ठाऊक आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. चुना हा तीव्र आम्लारी आहे, याची साक्ष हळद बिनचूक देते. तथापि हाच चुना लहान मुलाची दृष्टी कायमची घालवू शकतो, याची जाणीव मात्र फारशी आढळत नाही.

आम्लाची भीती समाजाला आहे आणि ती सकारण आहे. मे २०१३ मध्ये वांद्रे टर्मिनसवर, नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होण्यासाठी आलेल्या तरुणीवर आम्ल फेकले गेले व महिन्याभरात तिचा अंत झाला. त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ओळखपत्र पाहावे, अठरा वर्षांखालील कोणासही माल देऊ नये, असा तो आदेश आहे. उल्लंघनास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याची अंमलबजावणी सर्वत्र चोख होते असे म्हणवत नाही. परंतु निदान नियम तरी आहे.

चुन्याच्या पुडीला असा कोणताही पहारा नाही. वस्तुतः डोळ्याच्या बाबतीत आम्लारी आम्लापेक्षा अधिक घातक ठरतो. आम्लाने पेशींतील प्रथिने गोठतात आणि त्या साक्याचा थर आम्लाला पुढे जाण्यास काही अंशी अटकाव करतो. आम्लारी मात्र पेशींतील स्निग्ध द्रव्यांचा साबण करतो, प्रथिने विरघळवतो आणि आत शिरतच राहतो. मानवी रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत असतो. भिजवलेल्या चुन्याचा सुमारे १२.४. शिवाय चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात व दाह चालू ठेवतात. मूल खेळता खेळता प्लास्टिकची पुडी दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी असे अपघात वारंवार नोंदविले आहेत.

ही पुडी घरात येते ती तंबाखूच्या सोबतीने. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करीत होते. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीन मोकळे होऊन लवकर शोषले जाते. ओठाआडची नाजूक त्वचाही त्याने भाजते. म्हणजे मोठ्यांच्या व्यसनाचे मोल काही वेळा त्यात सहभागी नसलेले मूल डोळ्याने चुकविते. अर्थशास्त्रात अशा खर्चाला बाह्य परिव्यय म्हणतात: तो वस्तूच्या किमतीत दिसत नाही, परंतु कोणाला तरी भरावाच लागतो. पुडी स्वस्त वाटते, कारण तिचे खरे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलेले असते.

यावर उपाय म्हणून पानटपरीवर नोंदवही ठेवा, असे कोणी म्हणणार नाही. ते अव्यवहार्य आहे आणि गरीब विक्रेत्याला जाचक ठरेल. परंतु दाबताच फुटणाऱ्या पुडीऐवजी घट्ट झाकणाची टणक डबी आणि तिच्यावर मराठीत ठळक इशारा, एवढी सक्ती उत्पादकावर करता येईल. त्याने किंमत थोडी वाढली तर तो दोष नव्हे. लपलेला खर्च उघड झाला, इतकेच.

दुसरा उपाय शिक्षकांच्या हाती आहे. चुना वा आम्ल डोळ्यात गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने किमान पंधरा ते तीस मिनिटे डोळा धूत राहावा, दिसणारे कण पाण्यानेच वाहून जाऊ द्यावेत आणि मग तत्काळ नेत्रतज्ज्ञ गाठावा. आम्लावर आम्लारी वा आम्लारीवर लिंबू असा उतारा करू नये. त्या अभिक्रियेतून उष्णता निर्माण होऊन इजा वाढू शकते. तूप, दूध किंवा हळदही डोळ्यात घालू नये. असा पदार्थ पोटात गेला असल्यास उलटी करवू नये, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते.

हिंगोलीच्या शाळेत हळद आणि चुन्याचा प्रयोग सहज करता येतो. रंग लाल झाला की शिक्षकांनी तेथे थांबू नये. डोळा धुण्याची रीतही त्याच तासाला शिकवावी. तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यास तास लागतो, पाणी मात्र हाताशी असते. आणि दृष्टी वाचते की जाते, हे बहुधा त्या पहिल्या काही मिनिटांतच ठरते.