सेकंदाला बाराशे बिट

नासाचं ‘न्यू होरायझन्स’ यान १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोजवळून गेलं. त्या भेटीत जमलेली माहिती होती सुमारे ५० अब्ज बिट, म्हणजे सव्वासहा जीबी. घरच्या ५० एमबीपीएसच्या वायफायवर एवढी फाइल सतरा मिनिटांत उतरते. प्लुटोची माहिती पूर्ण हाती यायला २५ ऑक्टोबर २०१६ उजाडला. भागाकार केला तर सरासरी सेकंदाला बाराशे-तेराशे बिट. (वायफायचा वेग बिटांत सांगतात, फाइल मोजतात बाइटमध्ये; एका बाइटचे आठ बिट. आठपट मोठा आकडा जाहिरातीत कुणाच्या सोयीचा, हे सांगायला नको.)

हा वेग मजकुराला पुरून उरतो. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं एक चिन्ह २४ बिट घेतं, म्हणजे सेकंदाला पन्नास चिन्हं. आपण वाचतो त्याहून भराभर. अडतं ते चित्रापाशी. यानाच्या ‘लॉरी’ कॅमेऱ्याचा एक कृष्णधवल फोटो दाबून लहान केला तरी २५ लाख बिटांचा. सेकंदाला हजार बिटांनी त्याला ४२ मिनिटं लागतात.

संदेश रेंगाळत येत होता, असं मात्र नाही. तो प्रकाशाच्याच वेगाने निघे आणि साडेचार-पाच तासांत पोचे. अडचण क्षीणपणाची. यानाचा ट्रान्समीटर १२ वॅटचा, घरातल्या एलईडी बल्बइतका, अँटेना २.१ मीटरची. जवळजवळ पाच अब्ज किलोमीटर पार करून संदेश इथे पोचेपर्यंत ७० मीटरच्या तबकडीलाही जेमतेम ऐकू येतो. गोंगाटात लांबून कुणाला फोन नंबर सांगायचा तर आपण एकेक आकडा लांबवून उच्चारतो. यानही प्रत्येक बिट तसाच लांबवतं.

मला सगळ्यात आवडते ती इंजिनिअरांची युक्ती. यानावर ट्रान्समीटरचे अ‍ॅम्प्लिफायर दोन, त्यातला एक राखीव. दोन्ही एकदम चालवले, तर वेग जवळपास दुप्पट होतो. पण तेवढी वीज कुठून आणायची? मग यानाला स्वतःभोवती फिरत ठेवायचं, म्हणजे ते आपोआप स्थिर राहतं आणि दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेची वीज वाचते.

अँटेना यानाला घट्ट जोडलेली असल्यामुळे फोटो काढणं आणि पृथ्वीशी बोलणं एकाच वेळी जमत नसे. प्लुटोजवळच्या त्या ऐन तासांत यान गप्पच होतं.

शेवटचा तुकडा नासाच्या कॅनबेरातल्या केंद्रात उतरला. सगळं नीट पोचल्याची खात्री झाल्यावरच यानावरचे रेकॉर्डर पुसायचे होते. पुढचा टप्पा प्लुटोपलीकडचा छोटा खगोल अ‍ॅरोकोथ होता, आणि त्याच्या फोटोंना जागा हवी होती.