जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारचे वय कसे ओळखावे?
१९६० च्या दशकात जपानी कारखान्यांतून अमेरिकेत गेलेल्या अनेक इलेक्ट्रिक गिटारींवर घडवणाऱ्याऐवजी आयातदाराचे किंवा विक्रेत्याचे नाव असे. त्यामुळे केवळ शिरोभागावरील नावावरून वाद्याचा उगम वा काळ ठरवणे धोक्याचे असते. अशा वेळी गिटार पालथी करून, मान आणि धड ज्या स्क्रूंनी जोडलेले असतात त्यांच्याखालील धातूची पट्टी, म्हणजे नेकप्लेट, पाहावी लागते, कारण त्यावर काही वेळा क्रमांक किंवा निर्मितिदेश कोरलेला आढळतो.

क्रमांकाची पद्धत कंपनीगणिक वेगळी आहे. इबानेझच्या जपानी गिटारींवर १९७५ पासून सुमारे दशकभर आधी महिन्याचे अक्षर, मग वर्षाचे दोन अंक आणि शेवटी उत्पादनाचा अनुक्रम येई. म्हणून ‘एफ ७८०१२३’ हा क्रमांक जून १९७८ दर्शवतो. फेंडरने १९८२ मध्ये जपानी भागीदारांसह सुरू केलेल्या उत्पादनातील आरंभीच्या गिटारींवर ‘जेव्ही’ ही अक्षरे असतात, आणि त्या मात्सुमोतो येथील फुजिगेन कारखान्यात घडल्या.

क्रमांक नसेल तेव्हा बांधणी बोलते. इबानेझने गिब्सनच्या धर्तीवर केलेल्या शिरोभागाच्या आकारावरून १९७७ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला, मात्र तोवर इबानेझने तो आकार बदलत आणला होता. त्यामुळे जुना आकार त्याआधीच्या निर्मितीकडे निर्देश करतो. तरीही मान, पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे भाग, आणि स्क्रू नंतर बदलता येतात, म्हणून अनेक खुणा परस्परांशी जुळल्यावरच निष्कर्ष काढणे योग्य ठरते.