पदवीसोबत प्रमाणपत्र: कधी घ्यावे, कधी नको

खोपोलीच्या शिळफाट्यावरून कॉलेजला जाणाऱ्या बी.कॉम., बीएमएसच्या मुलांना हमखास पडणारा प्रश्न: पदवीच्या जोडीला एखादे प्रमाणपत्र करावे का?

आधी प्रमाणपत्राचा प्रकार ओळखा. काही प्रमाणपत्रे म्हणजे परवानाच. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या एनआयएसएम संस्थेचे संकुल खालापूर तालुक्यातच, मोहोपाड्याजवळ पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात आहे. म्युच्युअल फंड वितरक व्हायचे तर या संस्थेची परीक्षा द्यावीच लागते. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के गुण पुरतात; मात्र प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते. म्हणून पहिल्याच वर्षी घाई नको. शेवटच्या वर्षी द्या.

सीएची वाट वेगळी. कॉमर्स पदवीला ५५ टक्के मिळाले, तर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो. इथे पदवीचे गुणच कामी येतात.

टॅली, एक्सेल, जीएसटी यांत कागदापेक्षा हात बसणे महत्त्वाचे. परराज्यात ५० हजारांहून जास्त किमतीचा माल निघाला की ई-वे बिल लागते: आधी मालाचा तपशील, मग गाडीचा नंबर. हे बिनचूक भरणारा मुलगा गोदामवाल्याला हवाच असतो.

फी भरण्यापूर्वी हव्या त्या नोकरीच्या चार-पाच जाहिराती वाचा. त्यांत ते प्रमाणपत्र मागितले नसेल, तर आईवडिलांचे पैसे वाचवा आणि पदवीचा अभ्यास मन लावून करा.