धर्मगुरूंची सभा आणि राजाची थैली

'कॉन्व्होकेशन' हा शब्द कानीं पडला, कीं आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें विद्यापीठाचा पदवीदान-समारंभ उभा राहतो. परंतु इंग्लंडांत या शब्दाला आणखी एक जुना व वजनदार अर्थ आहे. तेथें धर्मगुरूंच्या सभेला कॉन्व्होकेशन म्हणतात. राज्यकारभारांत एखादी सभा कशानें बलवान् होते आणि कशानें दुर्बळ होते, हें या सभेच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसतें.

इंग्लंडच्या चर्चचे दोन प्रांत आहेत. एक कँटरबरीचा व दुसरा यॉर्कचा. प्रत्येक प्रांताचा आर्चबिशप वेगळा व सभाहि वेगळी. सभेच्या वरिष्ठ गृहांत बिशप बसत, कनिष्ठ गृहांत इतर धर्मगुरूंचे प्रतिनिधि बसत.

मध्ययुगांत चर्चच्या ताब्यांत अफाट जमीन होती. तेव्हां युद्धासाठीं पैसा हवा झाला, कीं राजाची दृष्टि साहजिकच तिकडे वळे. इ. स. १२९४ मध्यें पहिल्या एडवर्डनें धर्मगुरूंपाशीं त्यांच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा मागितला. १२९५ मध्यें त्यानें जें पार्लमेंट बोलावलें, त्यांत धर्मगुरूंच्या प्रतिनिधींनाहि पाचारण केलें. १२९६ मध्यें पोप आठवा बोनिफेस यानें, आपल्या अनुज्ञेवांचून धर्मगुरूंनीं राजांना कर देऊं नये, असें फर्मान काढलें. त्याच्या आधारानें धर्मगुरूंनीं हात आखडतां घेतांच १२९७ मध्यें एडवर्डनें त्यांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढलें. मग पुष्कळांनीं पैसे भरून राजाचें छत्र पुन्हां मिळविलें.

तरीहि पार्लमेंटांत जाऊन बसणें धर्मगुरूंना रुचेना. आपला कर आपल्याच सभेंत मंजूर करावा, हा परिपाठ त्यांनीं कायम केला. राजाला पैसा हवा म्हणून सभा भरे, आणि सभा भरे म्हणून धर्मगुरूंना आपलीं गाऱ्हाणीं मांडतां येत. त्यांचें खरें बळ हें होतें.

आठव्या हेन्रीनें या बळावर पहिला घाव घातला. १५३१ मध्यें त्यानें कँटरबरीच्या सभेकडून क्षमेपोटीं एक लाख पौंड कबूल करून घेतले. पुढील वर्षीं, १५ मे १५३२ रोजीं, राजाच्या अनुमतीवांचून नवे धर्मनियम करणार नाहीं, असें सभेनें लिहून दिलें. दुसऱ्याच दिवशीं टॉमस मूर यानें चॅन्सेलरपदाचा राजीनामा दिला. नियम करण्याचें स्वातंत्र्य गेलें. कर मंजूर करण्याचा हक्क मात्र अद्याप शाबूत होता.

तोहि १६६४ मध्यें गेला. आर्चबिशप शेल्डन व चॅन्सेलर क्लॅरेंडन यांच्यांत तोंडी बोलणें झालें, आणि यापुढें धर्मगुरूंवरील कर पार्लमेंटनेंच इतर प्रजेबरोबर बसवावा, असें ठरलें. त्याबरोबर हाउस ऑफ कॉमन्सच्या निवडणुकींत धर्मगुरु मत देऊं लागले. सौदा तोट्याचा कोणाला वाटला नाहीं.

त्याचा परिणाम १७१७ मध्यें दिसला. बिशप होडली यानें एका प्रवचनांत चर्चच्या ऐहिक अधिकाराचें खंडन केलें. कनिष्ठ गृह त्याचा निषेध करण्यास सिद्ध होतांच सरकारनें सभाच तहकूब केली. पैशासाठीं तिची गरज उरली नव्हती. त्यामुळें ही तहकुबी वरचेवर वाढत गेली. कँटरबरीच्या सभेचें कामकाज पुन्हां सुरू व्हावयास १८५२ साल उजाडलें, यॉर्कच्या सभेला १८६१.

१९१९ मध्यें गृहस्थ उपासकांनाहि सामील करून चर्च असेंब्ली स्थापन झाली. तिनें केलेले ठराव पार्लमेंटनें संमत केल्यासच त्यांना कायद्याचें बळ येई. १९२७ मध्यें सुधारलेलें प्रार्थनेचें पुस्तक पार्लमेंटपुढें गेलें, तें कॉमन्सनें २३८ विरुद्ध २०५ मतांनीं फेटाळलें. १९२८ मध्यें पुन्हां फेटाळलें. उपासना चर्चची, पण निकाल दिला तो अन्य पंथांचे सभासदहि जेथें बसत त्या सभागृहानें! १९७० पासून बिशप, धर्मगुरु व गृहस्थ अशा तीन गृहांची जनरल सिनड हें काम पाहते. तिच्या कायद्यांनाहि पार्लमेंटची संमति लागतेच. लॉर्ड्सच्या सभागृहांत सव्वीस बिशप बसतात, हा जुन्या वैभवाचा अवशेष होय.

हेन्रीनें जें घेतलें, तें धाक घालून घेतलें. १६६४ सालीं जें गेलें, तें मात्र धर्मगुरूंनीं सोय म्हणून आपल्या हातानें दिलें. कराचें ओझें उतरलें, आणि त्याबरोबरच राजाला आपणांस बोलावण्यास भाग पाडणारें एकमेव साधनहि त्यांच्या हातून गेलें.