मधुमेही व्रण आणि हायल्युरॉनिक आम्ल

मधुमेही व्रण म्हणजे मधुमेही व्यक्तीच्या शरीरावर, मुख्यतः पावलावर, होणारी व दीर्घकाळ न भरणारी जखम होय. अशा जखमेवर हायल्युरॉनिक आम्लयुक्त जेल, क्रीम किंवा पट्टी पूरक उपचार म्हणून वापरली जाते.

जखम न भरण्याची कारणे

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास पायांतील चेतातंतूंची हानी होऊन संवेदना कमी होते. टोचलेला खिळा किंवा चपलेने आलेला फोड रुग्णास जाणवत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने रक्तपुरवठा घटतो आणि पांढऱ्या पेशींची जंतूंना रोखण्याची क्षमता मंदावते. परिणामी जखम दाहाच्या अवस्थेतच रेंगाळते.

आम्लाचे कार्य

हायल्युरॉनिक आम्ल ही त्वचेत, सांध्यांतील वंगणद्रवात व डोळ्यांत नैसर्गिकरीत्या आढळणारी बहुशर्करा आहे. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या डोळ्यांतील काचाभ द्रवातून ती वेगळी केली. हे आम्ल भरपूर पाणी धरून ठेवते, त्यामुळे जखम ओलसर राहते व नव्या पेशींना सरकण्यास वाट मिळते. त्याचे लहान तुकडे नव्या केशवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देतात.

उपचारातील स्थान

२००३ मध्ये इटलीतील ७९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत या आम्लापासून बनविलेल्या जाळीवर रुग्णाच्याच पेशी वाढवून जखमेवर लावण्यात आल्या. पावलाच्या वरच्या बाजूचे व्रण अधिक प्रमाणात भरले. तळव्यावरील व्रणांत मात्र ठळक फरक आढळला नाही. साखरेचे नियंत्रण, मृत ऊती काढणे, संसर्गावर प्रतिजैविके, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि पावलावरील भार कमी करणे हेच मुख्य उपचार होत. त्यांकडे दुर्लक्ष करून केवळ जेल लावल्यास मौल्यवान वेळ वाया जातो व पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

सोलापूर जिल्ह्यातील संदर्भ

सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बधिर पाय तापलेल्या फरशीवर वा डांबरी रस्त्यावर भाजला तरी कळत नाही. जिल्ह्यातील पंढरपूरच्या वारीत अनेक वारकरी अनवाणी चालतात. मधुमेही वारकऱ्यांनी मऊ पादत्राणे वापरणे व रोज तळवे तपासणे हितावह ठरते. सूज, लाली, दुर्गंधी, काळसरपणा किंवा ताप आढळल्यास विनाविलंब रुग्णालयात जावे.