ड्यूक २०० व पल्सर २००एनएस: इंजिनांच्या अंतर्भागांची तुलना

केटीएम ड्यूक २०० आणि बजाज पल्सर २००एनएस या पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार झालेल्या मोटारसायकली होत. दोन्ही २०१२ साली भारतीय बाजारात आल्या. त्यांच्या इंजिनांची घनक्षमता सारखीच, म्हणजे १९९.५ घन सेंटिमीटर असली, तरी सिलिंडर हेडच्या रचनेमुळे त्यांचे गुणधर्म वेगळे आहेत. येथील माहिती दोहोंच्या मूळ आवृत्तींची आहे.

पार्श्वभूमी

आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीचे १४.५ टक्के समभाग घेतले. या भागीदारीतून लहान क्षमतेच्या ड्यूक मोटारसायकलींचे उत्पादन चाकणला सुरू झाले.

समान बाबी

दोन्ही इंजिने एक सिलिंडरची, द्रवशीतित व चार झडपांची आहेत. सिलिंडरचा व्यास (बोअर) ७२ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव (स्ट्रोक) ४९ मिलिमीटर आहे. धाव आखूड असल्याने, फेरे वाढले तरी पिस्टनचा सरासरी वेग मर्यादेत राहतो. व्यास मोठा असल्याने झडपांना पुरेशी जागा मिळते.

भिन्न बाबी

ड्यूकमध्ये आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या वायूंच्या झडपांसाठी दोन स्वतंत्र कॅमशाफ्ट आहेत. पल्सरमध्ये एकच कॅमशाफ्ट रॉकरच्या साहाय्याने चारही झडपा उघडतो. झडपा हलविणारे भाग जितके हलके, तितक्या त्या जास्त फेऱ्यांनाही कॅमच्या आकाराबरहुकूम उघडतात व मिटतात. याउलट पल्सरमध्ये एकाऐवजी तीन स्पार्क प्लग आहेत. मिश्रण अनेक ठिकाणी पेटल्यामुळे ज्वलन लवकर पूर्ण होते. ड्यूकला इंधन अंतःक्षेपण, तर पल्सरला कार्ब्युरेटर होता.

ड्यूकची कमाल शक्ती सुमारे २५ अश्वशक्ती असून ती मिनिटाला १०,००० फेऱ्यांना मिळते. पल्सरची सुमारे साडेतेवीस अश्वशक्ती ९,५०० फेऱ्यांना मिळते.

अमेरिकेतील समांतर उदाहरण

शेवरोले कॅमेरो झेड/२८ (१९६७–६९) आणि फोर्ड मस्टँग बॉस ३०२ (१९६९–७०) या गाड्यांच्या आठ सिलिंडरी इंजिनांचा व्यास ४ इंच व धाव ३ इंच होती. ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ५ लिटरच्या मर्यादेत बसण्यासाठी दोन्ही कंपन्या एकाच मापावर आल्या. शेवरोलेच्या झडपा एका रांगेत, तर फोर्डच्या तिरप्या बसविलेल्या व आकाराने मोठ्या होत्या.

सुट्या भागांची अदलाबदल

व्यास व धाव सारखी असल्याने भाग परस्परांत बसतीलच असे नाही. पिस्टनच्या माथ्यावरील खाचा झडपांच्या जागेनुसार, तर माथ्याचा आकार ज्वलनकक्षानुसार ठरतो. चुकीचा पिस्टन बसविल्यास तो झडपांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून दुरुस्तीच्या वेळी घनक्षमतेऐवजी भागाचा क्रमांक पाहिला जातो.