वैमानिकाचीं घरीं आलेलीं पत्रें

गोंदियाजवळ कामठ्याच्या बाजूला बिरसी येथें एक विमानतळ आहे. इंग्रज सरकारनें तो १९४० मध्यें बांधला. गोंदिया त्या वेळीं मध्यप्रांतांतील भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ सालीं. भात, तलाव आणि बिडी यांच्या या मुलखांत धावपट्टी आली ती युद्धामुळें. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें बाँबफेकी विमानांतून लढणाऱ्या तरुणांनीं घरीं धाडलेल्या पत्रांविषयीं. असें पत्र लिहिलें कसें जाई आणि घरच्यांच्या हातीं नेमकें काय पडे?

पहिली गोष्ट सेन्सॉरची. ठिकाण, पथकाचा क्रमांक, विमानांची संख्या, पुढील बेत, यांपैकीं कांहींहि लिहिण्याची मुभा नसे. लिहिलेंच तर कात्री किंवा काळी शाई ठरलेली. मग पत्रांत उरे काय? जेवण, पाऊस, डास, सोबती आणि रजेची आशा. वाचणाऱ्यास वाटावें, मुलगा कोठें तरी वसतिगृहांत राहतो आहे! हा कोरडेपणा नियमाचा होता. आणि थोडा मायेचाहि होता. काल आपण कशांतून वांचलों हें सहसा कोणी आईला लिहीत नाहीं.

तें काय असे, याची कल्पना हिंदी हवाई दलाच्या ७ व्या आणि ८ व्या पथकांवरून येईल. त्यांच्याकडे व्हेंजन्स नांवाचीं सूर मारणारीं बाँबफेकी विमानें होतीं. १९४४ मध्यें हेम चौधरी यांच्या नेतृत्वाखालीं ७ वें पथक आसामांतील उदरबंदहून इंफाळच्या लढाईसाठीं उडत होतें. निरंजन प्रसाद यांचें ८ वें पथक आराकान आघाडीवर होतें. पुढें हवाई दलप्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल हे ७ व्या पथकांतलेच. दहा-बारा हजार फुटांवरून विमान जवळजवळ उभें खालीं सोडावयाचें, बाँब टाकावयाचे आणि डोंगराला भिडण्यापूर्वीं पुन्हां वर खेंचावयाचें. वर खेंचतांना देह शिशासारखा जड होतो व डोळ्यांपुढें अंधारी येते. मागचा सोबती पाठमोरा बसून मशीनगन सांभाळी. हें सारें आटोपून संध्याकाळीं कंदिलाजवळ बसावयाचें व लिहावयाचें, 'मी खुशाल आहें.'

विदर्भांतल्या घराची अडचण आणखी निराळी होती. ऑगस्ट १९४२ मध्यें चिमूर आणि आष्टी येथें रक्त सांडलें. चिमुरास फौज आली. ज्या सरकारचा गणवेष मुलाच्या अंगावर, त्याच सरकारच्या तुरुंगांत शेजारचा मुलगा! याविषयीं चकार शब्दहि पत्रांत लिहिणें दोन्ही बाजूंना धोक्याचें होतें. आलेलें पत्र शेजाऱ्यांना मोठ्यानें वाचून दाखवावें कीं पेटींत ठेवावें, हा प्रश्न अशा घरांना पडला असणारच.

विलायतेहून येणारें पत्र १९४२ पासून 'एअरग्राफ'नेंहि येऊं लागलें. ठराविक कागदावरील मजकुराचें लहानसें छायाचित्र घेत, फिल्म विमानानें धाडीत आणि मुक्कामीं ती मोठी करून छापीत. सुमारें १,७०० पत्रें, ज्यांचें वजन एरवीं ५० पौंड भरलें असतें, तीं साडेपांच औंसांच्या फिल्मवर मावत. अक्षर मुलाचेंच, परंतु त्याचा हात लागलेला कागद मात्र घरीं पोंचत नसे.

या जातीचें सर्वांत गाजलेलें पत्र इंग्लंडांतलें. व्हिव्हियन रोझवॉर्न हा २३ वर्षांचा सहवैमानिक मे १९४० च्या अखेरीस, डंकर्कच्या सैन्याला साहाय्य करतांना, वेलिंग्टन विमानासह पडला. आईसाठीं त्यानें मागें ठेवलेलें पत्र उघडें होतें. त्याच्या तळाच्या अधिकाऱ्यानें तें वाचलें व आईच्या संमतीनें १८ जून १९४० रोजीं 'टाइम्स'मध्यें निनांवी छापविलें. वर्षअखेर त्याच्या पुस्तिकेच्या पांच लक्ष प्रती खपल्या. पत्र उदात्त आहे, यांत शंका नाहीं. तरीहि, ब्रिटिश बाँबफेकी दलाचे ५५,५७३ लोक त्या युद्धांत मेले हें आठवलें कीं, सरकारला इतकें सोयीचें पडलेलें पत्र मी जरा हात राखूनच वाचतों. पायमोजे आणि लोणचें मागणारें पत्र मला अधिक खरें वाटतें. बाँब ज्यांच्यावर पडले त्यांचा उल्लेख मात्र बहुधा दोहोंतहि सांपडत नाहीं.

तार वेगानें येई, पत्र सावकाश. म्हणून 'बेपत्ता' अशी तार हातीं पडल्यावरहि त्याच मुलाचीं हंसरीं पत्रें मागाहून येत राहत. आतां तीं जुन्या ट्रंकांत पडून आहेत. ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं पत्राबरोबर पाकीटहि जपावें; आंत गांवाचें नांव नसतें, परंतु पोस्टाचा शिक्का आणि सेन्सॉरचा ठसा त्या पाकिटावरच असतो.